लॅब ते ऑफिस, तात्पुरतं

२५ फेब्रु., बुध.
कॉलेजात नुसती धांदल. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार लागले. धडगावकडची पोरं दुपारच्या गाडीने निघणार, ती होळी आटोपल्याशिवाय परत यायची नाहीत. हॉलतिकिटं आजच हातात हवीत आणि लॅबचा प्रिंटर बंद. ऑफिसच्या प्रिंटरवर काढायची तर मधलं दार उघडायला हवं. लॅबचं नेटवर्क वेगळं, ऑफिसचं वेगळं, इकडचं तिकडे जाता कामा नये, हा दंडक माझाच. फक्त प्रिंटरपुरती वाट करायला दहा मिनिटं लागली असती. पोरं डोक्यावर उभी. फायरवॉलमध्ये सरळ लॅब ते ऑफिस सगळं चालू करून टाकलं. नियमाला नाव दिलं ‘तात्पुरतं’. संध्याकाळी बंद करतो. रजिस्टरात नंतर लिहू.

९ मार्च, सोम.
शेण खाल्लं.
ऑफिसच्या सगळ्या फायलींना व्हायरसने कुलूप घातलं. शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, सगळं. प्राचार्य दारात. “पाटील, हे आलं कुठून?” मला बसल्या जागी कळलं कुठून. ते वळले तसं आधी ‘तात्पुरतं’ बंद केलं, मग म्हणालो, “बघतो सर.”
बारा दिवस दार सताड उघडं. होळी, मग शहाद्याचं लग्न, आणि...
विसरलो, हे खोटं नाही. पण सांगणार कुणाला.

१० मार्च
सुरुवात लॅबमधल्या सात नंबरच्या मशिनवरून. दिलवरचा पेन ड्राइव्ह. गावाकडच्या होळीचे फोटो पोरांना दाखवायला आणले होते बिचाऱ्याने. लॅब असिस्टंट म्हणून सहावं वर्ष त्याचं, अजून अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. दार बंद असतं तर व्हायरस लॅबमध्येच राहिला असता. दोन तासांत मशिनं पुसून मोकळे झालो असतो.
प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, “एका पेन ड्राइव्हने ऑफिस बुडवलं.” दिलवर मान खाली घालून. मी त्याच्या शेजारीच उभा.

१२ मार्च
दिलवर आला. “सर, खुलासा मागितलाय. असलं ऑफिसचं मराठी मला नाही जमत. तुम्ही लिहून द्या ना.”
नाही कसं म्हणणार? लिहून दिलं. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे कार्यालयाचे नुकसान झाले, याची मला पूर्ण जाणीव आहे.’ एका झटक्यात उतरलं, खाडाखोड नाही. या आठवड्यात इतकं खरं वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही. खाली सही त्याची.

१४ मार्च, शनि.
सुनीताला सांगून टाकलं. भाकरी थापता थापता म्हणाली, “त्यानी नोकरी जाई, अन् तुम्ही गप बसशात?”
म्हटलं, माझी गेली तर?
“तुमले कोन काढी? तुम्ही पाटील शेतस.”
हिला बायको म्हणावं की वकील! जेवण गेलं नाही. चिडायलाही तोंड नव्हतं, कारण खरंच कुणी काढणार नाही. चार बोल लावतील, संचालक मंडळातले मामा मधे पडतील, संपलं. एवढंच आहे आणि तेवढंही करवत नाही. थू.

१८ मार्च
दिलवरने घरचं आमचूर आणलं, पिशवीभर. “सर, प्राचार्यसर म्हणाले खुलासा छान लिहिलाय.” पिशवी घ्यावी लागली. त्याचा करार ३१ ला संपतो. पुढे द्यायचा की नाही ते सोमवारी, ३० तारखेच्या बैठकीत. खुलासा समोर ठेवूनच ठरवणार म्हणे.
आमचूर घरी नेलं नाही. खणात आहे. खण उघडला की वास येतो.

२५ मार्च, बुध.
फायरवॉल तीस दिवसांचीच नोंद ठेवतो. मी दार उघडल्याची फेब्रुवारीतली ती ओळ परवा आपोआप पुसली जाईल. मी काहीच करायचं नाही, बस. तेवढं मला चांगलं जमतं.
जेवणाच्या सुट्टीनंतर ती ओळ प्रिंटला टाकली. द्यायची की नाही, काही न ठरवता. उचलायला जाणार तोच फोन आला.
फोन ठेवतो तर समोर दिलवर, हातात कागद. “सर, प्रिंटरवर होता. वर तुमचं नाव आहे. प्राचार्यसरांना द्यायचा का? मी तिकडेच चाललोय.”
तारीख, वेळ, माझं नाव, लॅब ते ऑफिस, तात्पुरतं. एवढंच आहे त्यावर. वाचलं का त्याने? चेहऱ्यावरून काही कळेना. सहा वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस, न कळायला काय झालं.
म्हणालो, “थांब जरा.”
“बरं सर.”
पाच वाजत आले. बाहेर बाकावर बसलाय, कागद मांडीवर. मी आत हे लिहीत बसलोय.