कडेला राहिलेला हात

ऋषभमामा,

तुमच्या वास्तुशांतीचं जेवण अजून घशाशी येतंय.

इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या रत्नाबाईंचा मी काढलेला फोटो तुम्ही विकत घेतलात. माझ्या सहीचा तो पहिलाच मोठा प्रिंट. मी इतकी हरखले की रत्नाबाईंनाही तो बघायला घेऊन आले. त्या ठेवणीतली साडी नेसल्या होत्या.

मांडवात जेवून आम्ही हॉलमध्ये आलो. भिंतीवर माग होता, सूत होतं, खिडकीतलं ऊन होतं. बाई नव्हती.

"फ्रेमवाल्याकडनं कापून घेतली," तुम्ही पाहुण्यांना हसत सांगितलंत. "कामगार बाई कशाला हॉलमध्ये? माग कसला भारी दिसतोय की."

रत्नाबाई माझ्या पाठीशीच होत्या. पुढं होऊन त्यांनी फोटोच्या कडेला बोट ठेवलं. हळूच म्हणाल्या, "ह्यो हात माझा हाय."

आणि तुम्ही म्हणालात, "बोट लावू नका, काच खराब होईल."

मी फ्रेम उतरवली आणि त्यांना घेऊन निघाले. तुमची किळस आलीच, पण तुमच्या पंगतीत जेवल्याची जास्त आली.

आई म्हणते, हे पत्र पाठवलंस तर माझं माहेर तुटेल. नाही पाठवत. पण यंदा भाऊबीजेला ती एकटीच येईल.

आता तुमची कुणी नसलेली,
ऐश्वर्या