एका ट्रान्झिस्टरपायी

२७ डिसेंबर, मंगळवार
डोकं फिरलंय. मेलबर्नची टेस्ट ऐन रंगात, बटाट्याच्या शेडमध्ये ट्रान्झिस्टर अगदी बारीक आवाजात, आणि दारात आमच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचे प्रमुख, ब्रदर हारकोर्ट. फावडं मागायला आले होते म्हणे. मंडळीत रेडिओ निषिद्ध आहे हे मला कुणी सांगायला नको. बावीस वर्षांपूर्वी तो नियम मीच वाचून दाखवला होता. पण तो गाण्यांसाठी होता, स्कोअरसाठी नव्हता. आता रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं. मी, वेंडेल पास्को!

२९ डिसेंबर, पहाटे ५
ठरलं. मंडळी सोडायची. कारण ट्रान्झिस्टर नाही, सिद्धांत. माझ्यामागे किमान चौदा घरं बाहेर पडतील. यादी केली. हारकोर्टचा जावईसुद्धा आहे यादीत, तो मला फार मानतो.

१ जानेवारी, रविवार
उभा राहिलो, पण कबुली दिली नाही. म्हणालो, दुसऱ्याच्या शेडमध्ये नाक खुपसणारी मंडळी मला नको, ज्यांना पटतं त्यांनी माझ्याबरोबर चला. मुद्दाम हळू चालत बाहेर आलो. गाडीत वीस मिनिटं थांबलो. बायकांना टोप्या शोधायला वेळ लागतो. एनिडही आली नाही. बायको माझी, आणि घरी आली ब्रदर टॅपच्या गाडीतून.

२ जानेवारी
एनिडने माझं ताट धुण्याच्या खोलीत मांडलं. मंडळी सोडलेल्याबरोबर जेवायचं नाही, हा नियम. म्हणालो, अगं, तीस वर्षांचा नवरा आहे मी. ती म्हणाली, जिल तर पोटची पोर होती. असल्या बोलण्याला मी उत्तर देत नसतो.
जिलची गोष्ट वेगळी होती. सतरा वर्षांची मुलगी, केस कापून घरी आली. मंडळीसमोर बहिष्कृत म्हणून तिचं नाव मला वाचावं लागलं, मागच्या पायरीवर जेवायला बसवावं लागलं. चार महिन्यांनी घर सोडून गेली, हट्टी कार्टी. नऊ वर्षं झाली. केस कापणं म्हणजे उघड बंड. क्रिकेट माणूस बसून ऐकतो.

५ जानेवारी
आज मला वेगळा मग मिळाला, लाल ठिपक्याचा. बाहेरच्याचा मग ओळखू यावा म्हणून ठिपका काढायची कल्पना माझीच, जिलच्या वेळची. तिचा मग कुठे सापडत नाही, म्हणून एनिडने नवा रंगवला. ठिपका ओघळलाय. एक काम धड येत नाही.

८ जानेवारी, रविवार
सभा सुटल्यावर टॅप आला. मला वाटलं, चौदातला पहिला. सभागृहाची किल्ली मागायला आला होता. फाटकाबाहेर उभं राहून, हात लांब करून घेतली. तीस वर्षं मी त्या सभागृहाची कौलं शाकारली. सगळे कृतघ्न, एकजात.

१४ जानेवारी
एनिड आता कुत्र्याशी बोलते आणि मी ऐकतो. बटाटे काढायला झालेत म्हणावं. मीही कुत्र्यामार्फत सांगितलं, मला दिसतंय. कुत्रा वैतागलाय. हारकोर्टचा इतका राग येतो की घास उतरत नाही. माणसाला त्याच्या घरात कुणी असं तोडतं का?

२१ जानेवारी
नवा बेत. जिलकडे जायचं. तिला माझा अभिमान वाटेल. बापलेक मिळून हारकोर्टला वठणीवर आणू. भाषण तयार, चार पानं. तिचा पत्ता एनिडकडे होता! नऊ वर्षं होता! याबद्दल परत आल्यावर रागवायचं ठरवलं आहे.

२८ जानेवारी, शनिवार
निघताना गाडीच्या सीटवर जर्दाळूच्या जॅमची बरणी होती. एनिड बोलली काहीच नाही, कुत्र्याशीसुद्धा नाही.
डेव्हनपोर्टला दुपारी पोचलो. जिलचे केस अजून आखूड आहेत. तिने फाटकाशी उभं राहून चारही पानं ऐकली. मग म्हणाली, बाबा, माफी मागायला आलात की माणसं जमवायला? मी म्हणालो, हा सिद्धांताचा प्रश्न आहे. ती म्हणाली, बरं, आम्ही जेवतोय, तुम्ही पायरीवर बसा. बरणी तिने दोन्ही हातांनी आत नेली.
चहा बाहेर आणून दिला. जुना मग, लाल ठिपक्याचा. जाताना घेऊन गेली होती तर. आतून ताटांचा आवाज येत होता, कुणी तरी हसत होतं. दार उघडंच होतं. मला आत जायचं होतं. फार जायचं होतं. नियम माहीत असल्यामुळे गेलो नाही.
चहा पिऊन झाल्यावर तो मग अंगणातल्या नळावर मीच धुतला आणि पायरीवर पालथा घातला. परतताना सोबत घेतलेला ट्रान्झिस्टर लावला नाही. ठिपका मात्र अगदी गोल आहे, नऊ वर्षांत टवकाही उडालेला नाही. ट्रॅक्टरचा रंग वापरला होता मी, चांगल्यातला.