सव्वीस दिवसांची नमाज

कैरो, बुधवार

गझालताई,

अल्ला तुला सुखरूप ठेवो. मी बरी आहे, गुडघे तेवढे सोडून. दमास्कसच्या थंडीत तुझा खोकला वाढला नाही ना?

मी आता मोकळी झाले. घाबरू नकोस, कुणी हाकललेलं नाही. ‘माझ्या माघारी नर्गिस आझाद,’ असं मालकांनी दोन साक्षीदारांसमोर सांगून ठेवलं होतं ना? ते खरेदीला दूर दक्षिणेत कूस शहराला गेले आणि तिथेच वारले. बातमी घरी पोचायला सव्वीस दिवस लागले.

आपण दासी उघड्या डोक्यानंच नमाज पढतो. तशीच मी पढत राहिले. काझीसाहेब म्हणाले, “बाई, मालक गेले त्या घटकेपासून तू आझाद. आझाद बाईची नमाज डोकं झाकल्याशिवाय होत नाही. सव्वीस दिवसांची पुन्हा पढ.”

“पण मला कुठे ठाऊक होतं?”

“तरी पढावी लागेल.”

म्हणून रोजच्या पाच वेळांवर मागच्या पाच वेळा. फार थकते गं. शिवाय जो दिवस भरून काढते तो आठवत बसतो. अकराव्या दिवशी रांजण फुटला, म्हणून मालकीणबाईंनी मला चपलेनं मारलं होतं. तेव्हा मी आझाद होते, ताई.

तुझ्या मालकांनीही तुला असंच वचन दिलंय, आणि ते तर सदा परगावी असतात. तू आजपासूनच डोकं झाकून नमाज पढत जा. कुणी हसलं तर हसू दे. सोबत माझी ओढणी पाठवते आहे.

तुझी धाकटी,
नर्गिस