सक्तीची सुट्टी

१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम, तिकडेही असेल, असं लिहायची पद्धत आहे. पण तुझं पत्र वाचल्यावर तसं लिहिणं बरं दिसत नाही. फोन केला असता, पण तू म्हणतेस, माझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं की आई तेवढा वेळ आरडाओरडा न करता ऐकत राहते. मग म्हटलं, तेवढा तरी आपला उपयोग होऊ दे.

आई, मी बरा आहे. काम तेच, पाण्याचं. निर्वासितांच्या छावण्यांतल्या टाक्या भरायच्या, त्यात औषध टाकायचं, नळ तुटले की जोडायचे, संडासांचे खड्डे भरले की नवे खणायचे. वहिनी मला लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा म्हणते ते आता अगदी शब्दशः खरं झालंय, फक्त भाकऱ्यांच्या जागी पाणी आहे. राहायचं म्हणशील तर तंबू. आम्ही सहा जण एकात. खाली सतरंजी, वर मेणकापड. वारा सुटला की एक जण खांब धरून बसतो. जेवणाची चव विचारू नकोस, पोटात ढकलायचं आणि मोकळं व्हायचं. लांबून तोफांचे आवाज येतात, पण त्यांची आता सवय झाली आहे.

वहिनी, इथून पुढचं मनातल्या मनात वाच.

तुझ्या ऑपरेशनचं कळलं. पिशवी काढावीच लागेल, रक्त फार कमी झालंय, असं डॉक्टर म्हणतात ना? ऑपरेशननंतर तुला वजन उचलता येणार नाही, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला तर उचलल्याशिवाय चालत नाही. दादाच्या कारखान्यात रजा मिळत नाही. हे सगळं मला समजतं. तू लिहिलंस, ‘भावजी, एक महिना या.’ तू आजवर माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून नाही म्हणताना जीव तुटतो. पण काय करू? इथं सुट्टी नावाचा प्रकारच नाही. एक माणूस हलला की एका छावणीचं पाणी बंद पडतं. दोन-तीन महिने पुढे ढकलता येतंय का, जरा विचारून बघ. डॉक्टर लोकांना घाबरवायची सवय असते.

तब्येतीला जप. लोहाच्या गोळ्या चुकवू नकोस. थांबतो, दार वाजतंय.

तुझा लाडका दीर

*

९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. दादालाही नको, निदान मी सांगेपर्यंत.

इकडे थंडी सुरू झाली आहे. जनरेटर दोन दिवस बंद होता, आता दुरुस्त झाला. मागच्या आठवड्यात आमच्या जवळच्या बाजारात स्फोट झाला, ते तुला कळलंच आहे. संस्थेच्या हेड ऑफिसमधून तुला फोन आला होता, मी सुट्टीवर असल्यानं सुखरूप आहे असा. मी त्या वेळी इथं नव्हतो. अचानक चार दिवसांची सुट्टी मिळाली होती. इतकी अचानक की घरी कळवायलाही सवड झाली नाही, आणि चार दिवसांत घरी येऊन परत जाणं शक्यच नव्हतं.

वरची दोन वाक्यं खोटी आहेत. खोडत नाही, राहू देत. इतकी वर्षं खोटं बोलल्यावर हात आपोआप तिकडेच वळतो, हे तुलाही दिसू दे.

तुझा मेसेज मी परत आल्यावर वाचला. ‘सुखरूप आहात हे कळलं. बरं वाटलं.’ एवढाच. त्यात एक अक्षर जास्त नव्हतं. मग आमची वॉर्डनबाई भेटली. आम्ही राहतो ती इमारत ही बाई चालवते, म्हणून तिला वॉर्डनबाई म्हणतात. स्फोट झाला की तासाभरात प्रत्येकाच्या घरी फोन गेला पाहिजे, हा तिचाच नियम. बातम्या बघून घरच्यांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून. माझ्या कागदांवर मी तुझा नंबर दिला होता, कारण दादा फोन उचलत नाही. हेड ऑफिसचा माणूस तिला म्हणाला, या वहिनी फार शांत. रडल्या नाहीत, घाबरल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “सुट्टी किती वेळा मिळते त्यांना?”

आणि त्यानं सांगितलं. धीर द्यायचा हेच त्याचं काम. दर आठ आठवड्यांनी दहा दिवस, सक्तीची, तिकीट संस्थेचं. राहण्याची सोय उत्तम आहे, तुम्ही अगदी निश्चिंत असा, असंही सांगितलं.

तर आता माझ्याकडून ऐक. मी तंबूत राहत नाही. पहिले सहा महिने राहिलो, नंतर नाही. आमची इमारत तीन मजली आहे. भोवती वाळूच्या पोत्यांची भिंत, दोन फाटकं, खिडक्यांच्या काचांना फुटल्या तरी उडू नयेत म्हणून चिकटवलेला कागद, तळघरात लपायची खोली. माझी स्वतंत्र खोली आहे, आत बाथरूम, गरम पाणी, गादी अशी की उठवत नाही. खाली व्यायामाची जागा आहे. कपडे धुऊन, इस्त्री होऊन दारात येतात. मागच्या पत्रात ‘दार वाजतंय’ लिहिलं तो इस्त्रीवाला होता. तंबूला दार नसतं, हे तुझ्या तेव्हाच लक्षात आलं असेल. चोर शहाणा निघाला नाही, एवढंच.

या घराची मला लाज वाटत नाही, हे मात्र खरं. वॉर्डनबाई म्हणते ते मला पटतं. पूर्वी लोक सहा महिन्यांत खचून पळून जायचे. ज्याला धड झोप नाही तो टाकीत औषध किती टाकायचं तेही चुकतो, आणि मग मुलं आजारी पडतात. आता माणसं वर्षानुवर्षं टिकतात. माणूस दमतो, त्याला बळजबरीनं विसावा द्यावा लागतो, नाहीतर तो कामाचा राहत नाही. हे मी नव्या लोकांना स्वतः समजावून सांगतो. छान बोलतो मी त्यावर.

आणि ते बोलताना एकदाही माझ्या मनात आलं नाही की आमच्या घरात एक बाई दहा वर्षं बिनसुट्टीची आहे.

सुट्टीत मी शेजारच्या देशात समुद्रकाठी जातो. या वर्षी पाच वेळा गेलो. पोहतो, झोपतो, मासे खातो. तुझं पत्र मिळालं तेव्हा पुढच्या सुट्टीची खोली ठरवून झाली होती. तुला ‘पुढे ढकल’ असं लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि बॅग भरायला घेतली. तुझं रक्त किती आहे ते मला माहीत होतं.

का, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो तेव्हा तू दळण आणायला गेली होतीस आणि आईजवळ मी होतो. तिनं अंथरूण घाण केलं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, “अहो, घरातल्या कुणाला तरी बोलवा.” मी तिचा कुणी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला हात लावू शकलो नाही. जिन्यात जाऊन उभा राहिलो आणि तू येईपर्यंत तिथंच थांबलो. ती तशीच त्यात पडून होती, हाका मारत. तू आलीस तेव्हा मी फोन आला होता म्हणालो. तू माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलंस. फोन आत चार्जिंगला लावलेला होता. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, “थर्मासमध्ये चहा ठेवलाय, भावजी, तुम्ही घ्या.”

मी घेतला.

वहिनी, मी इथं संडासांच्या खड्ड्यांत उतरलोय. नाकाला रुमालही न लावता. परक्या म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन टेकडी चढलोय, त्याचे फोटो निघालेत, दादानं ते कारखान्यात सगळ्यांना दाखवलेत. तिथं मला किळस येत नाही. घरच्या जिन्यात मात्र पाय अडकतो, आणि तो अडकतो हे कुणाला कळू नये म्हणून मी तंबू ठोकला, सतरंजी अंथरली, वारा सोडला.

तरीही कदाचित मी आणखी एक थाप मारून सुटलो असतो. पण काल दादाचा फोन आला. कधी नव्हे ते त्याचा आवाज भरून आला होता. म्हणाला, “तंबूपासून लांब फुटला ना रे तो बॉम्ब? हिनं सांगितलं, लांब होता म्हणून.” मग म्हणाला, ऑपरेशन तिनंच पुढे ढकललंय. परवा भाजी चिरताना चक्कर येऊन पडली, तरी भावजींना बोलावू नका म्हणते, ते तिकडे जिवावर उदार होऊन राहतायत म्हणते.

म्हणजे सगळं माहीत झाल्यावरसुद्धा तू माझा तंबू उभाच ठेवलास. दादासमोर माझी लाज राखलीस, स्वतःचं रक्त आटवून. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर मी कदाचित बरा झोपलो असतो. फोन ठेवल्यावर मला त्या गादीवर बसवेना. खुर्चीत बसून राहिलो.

आज सकाळी वॉर्डनबाईकडे गेलो आणि तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. तिनं कारण विचारलं. मी म्हटलं, घरी आई आहे. ती म्हणाली, तुमच्या कागदांत तर वहिनींचंच नाव आहे, मला वाटलं आई नसेल. खोली रिकामी ठेवता येणार नाही, रांगेत माणसं आहेत, परत आलात तर आधी बाहेरच्या तळावर राहावं लागेल, असं तिनं बजावलं. बाहेरचा तळ म्हणजे तंबू. खरेखुरे.

मी सोमवारी दुपारी घरी पोचतो. डॉक्टरांना गाठून त्याच आठवड्यातली तारीख घे. मी आल्यावर बघू, असं म्हणू नकोस, तारीख आधी घे. दादाला मी समोर बसवून सगळं सांगेन. माझ्यासाठी तू आता कुणाशी एक शब्दही खोटं बोलायचं नाहीस. तुझी माफी पत्रातून मागत नाही. पत्रातून मी काय काय मागू शकतो ते तू पाहिलंयस.

तू दवाखान्यात जाण्याआधीचे दोन दिवस मला शिकव. आईला कुशीवर कसं वळवायचं, चादर तिच्याखालून कशी काढायची, आंघोळीला आधार कुठे द्यायचा. ती मला ओळखणार नाही, हाकलून देईल, चालेल. तू शेजारी उभी राहा, हात लावू नकोस. आणि मी जिन्याकडे निघालो तर बाहेरून कडी घाल.

तू रोज उचलतेस त्या बाईचा
मुलगा