तिच्या धुऱ्यावरचं झाड

माय, तुला जाऊन चौदा वर्षं झाली. चांगलं काही सांगायचं असलं की ऐकायला बायको आहे, मित्र आहेत. हे मात्र कुणाला सांगवत नाही, म्हणून तुझ्यापुढे आणून टाकतोय.

माझी पहिली बातमी छापून आली तेव्हा तू शेजारच्या बाईकडून ती तीनदा वाचून घेतली होतीस, आणि तिकडे चुलीवर भात करपला होता. त्याच भाताची शितं लावून तू ते कात्रण बुद्धाच्या फोटोखाली चिकटवलंस. "माह्या पोरानं लिवलं," म्हणून अख्ख्या मोहल्ल्याला दाखवलंस. मग हळूच मला विचारलंस, "हे समदं तू सोता पाह्यलं ना रे?" पाहिलं होतं, माय. तेव्हा मी सायकल हाणत जाऊन पाहायचो.

आता सगळं फोनवर येतं. यंदा चैत्रात सिंदेवाहीजवळच्या एका गावात वाघानं एका बाईला मारलं. सकाळीच ग्रुपवर मजकूर आला, की मोहफुलं वेचायला गेलेल्या महिलेचं प्रेत जंगलात सापडलं. तेवढं खरंच होतं. मी चहा पिता पिता त्यात पदरची भर घातली, की मनाई असूनही बायका जंगलात शिरतात, जिवाची पर्वा करत नाहीत, वगैरे. वर 'घटनास्थळाहून' असंही ठोकून दिलं. गाव गाडीनं वीस मिनिटांवर होतं आणि मी खुर्चीतून उठलो नव्हतो.

दुसरा कुणी चुकला असता तर समजू शकलो असतो. मी तर तुझ्या मागे टोपली घेऊन चाललेला. अजून दिसतं मला: उजाडतंय, झाडाखालचा पाला तू आदल्या दिवशीच जाळून ठेवला आहेस, काळ्या भुईवर फुलं पडली आहेत आणि तू वाकून वेचते आहेस. आपल्याकडे मोहाचं झाड ज्याचं त्याचं ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालची मूठभर फुलं मी उचलली, तर भर रस्त्यात कान पिळून तू ती परत ठेवायला लावली होतीस. त्या बाईचंही झाड ठरलेलंच होतं, तिच्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर. वाघानं तिला तिथं धरलं आणि ओढत जंगलात नेलं. गावात पाय ठेवला असता तर पहिल्याच माणसानं मला हे सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी तिची मुलगी ऑफिसात आली. हातात तो पेपर. बस म्हटलं तर बसली नाही.

"भाऊ, तुमी आले होते का आमच्या गावाले?"

मी म्हटलं, "ताई, माहिती आली होती."

"लोकं मले म्हनून राह्यले, मनाई होती तं तुही माय गेलीच काऊन? आमच्याच धुऱ्यावर होती ना जी ते! माय मेली, आन् वरून चोर ठरली."

ती रडली नाही. मीच टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसलो. दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, चार ओळींची. ती कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. चहाच्या टपरीवर लोक अजून माझीच पहिली बातमी सांगतात, आणि मी मान खाली घालून चहा संपवतो. लाज वाटते, माय.

अजून एक राहिलंच. बातमी लिहिली त्याच दिवशी दुपारी त्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला होता. "भाऊ, बाई शेतातच होती. टोपली अजून झाडाखाली पडून हाये, येऊन पाहा." पान छपाईला सुटायला अवकाश होता. पण बातमी झकास जमली होती, तिला हात लावावासा वाटला नाही. आणि त्या मुलीला मी काय सांगितलं? मला कुणी कळवलंच नाही, म्हणालो.

खरं तर हा कागद तिच्याकडे जायला हवा. तिचं गाव मला माहीत आहे, घर कुणीही दाखवेल. पण तुला लिहिणं सोपं पडतं, माय. तू उलटून काही विचारणार नाहीस.