दोन साडू आणि एक ट्रॉली

३ जून
आजपासून नर्सिंगची पोस्टिंग सर्जिकल वॉर्डात. इथे सगळे मला ब्रदर म्हणतात. सिस्टरला मान, ब्रदरला बेडपॅन. ठरवलं : या पोस्टिंगमध्ये एकही खोडी नाही. वीसला प्रॅक्टिकल परीक्षा. इन्चार्जबाईंची सही मिळाली तरच बसायचं, नाहीतर ज्युनियर पोरींबरोबर पुन्हा हाच वॉर्ड. बाबा फोनवर म्हणाले की सही नसेल तर घरी येऊ नको, काकाच्या चिकनच्या दुकानात उभा राहा. तिथेही कापाकापीच, पण टाके घालावे लागत नाहीत.

दुपारी : हातमोजा पाण्याने भरून वर्गातल्या टॉपर पोरीच्या खुर्चीवर ठेवला. खोडी नव्हे, मोजा गळतो का ते तपासत होतो. तिने स्टीलचा ट्रे माझ्या डोक्यात घातला. ट्रेला पोचा आला, मला नाही.

४ जून
दारापाशी थोरला साडू, खिडकीपाशी धाकटा. सख्ख्या बहिणींचे नवरे. सासऱ्याची मोटरसायकल कुणाची, यावरून एकमेकांना फाडलं. थोरल्याच्या पोटात सुरी, धाकट्याच्या पाठीत फुटकी बाटली. ऑपरेशन होऊन दोघंही सुधारलेत, तोंडं सोडून. दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिव्या. काही मलाही नव्या होत्या. इन्चार्जबाई म्हणाल्या की या दोघांच्या मधे अख्खा वॉर्ड ठेवलाय तो उगाच नाही. मी मान हलवली. ऐकत होतो असं नाही, पण हलवली.

६ जून
ड्रेसिंग शिकवलं. आधी स्वच्छ जखमा, पूवाल्या शेवटी. नाहीतर एकाची घाण दुसऱ्याला. पण पेशंट भरलेत वाट्टेल तसे. ट्रॉली दारातून खिडकीत, खिडकीतून दारात, मागे मी. चाक अंगठ्यावरून गेलं. मी ट्रॉलीला लाथ घातली. त्याच पायाने. इन्चार्जबाईंनी पाठीत धपाटा दिला. प्रेमाचा असावा, आवाज मोठा आला.

९ जून
डोकं चाललं! खाटाच जखमेप्रमाणे लावायच्या. चाकं आहेतच. स्वच्छ दाराकडून ओळीने, पूवाले खिडकीशी. ट्रॉली सरळ रेषेत जाईल. उद्या इन्चार्जबाई मीटिंगला. परत येऊन बघतील आणि आपणहून पेन काढतील. टॉपरला सांगितलं नाही. आयडिया ढापली असती.

१० जून, सकाळी
लावल्या. फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, अरे मेल्या, खाटेवर कोण आहे ते तरी बघ. मी म्हटलं, मावशी, मी माणूस बघत नाही, जखम बघतो. वाक्य झकास जमलं. सगळ्यात स्वच्छ जखमा दोन्ही साडवांच्या, म्हणून शेजारी शेजारी. इंजेक्शन घेऊन गाढ झोपलेत. मधे पडदा लावलाय. मी काय वेडा आहे?

१० जून, दुपारी (डाव्या हाताने)
पडदा कापडाचा असतो.

धाकटा आधी उठला. पडदा सारला, तर समोर थोरल्याचं पोट. त्याने सलाईनचा स्टँड उचलून घातला. थोरल्याने त्याच्या तोंडावर बेडपॅन हाणला. भरलेला. टाके उसवले, नळ्या उपटल्या, रक्तावरून दोघंही घसरले आणि खाली पडूनही गळे सोडेनात. मी मधे पडलो. शांतपणे समजावत होतो की हालचाल करू नका. स्टँड नाकावर बसला. थोरल्याने साडवाचा समजून माझ्या उजव्या हाताचा लचका तोडला. मावशींनी पोछ्याच्या दांड्याने तिघांनाही सारखंच झोडलं. माझा युनिफॉर्म त्यांना दिसला नसावा. दिसला होता, असं त्या सांगत फिरतायत.

११ जून
त्यांना पुन्हा टाके. माझं नाक मोडलंय. डॉक्टर म्हणाले की कुत्रा चावला असता तर बरं होतं. हातात पू झालाय. खिडकीजवळची खाट मिळाली. हवा छान.

१४ जून
पोलीस आले. दोन्ही साडवांनी एकच जबाब दिला : आमचं काही नाही हो साहेब, लावालावी त्या ब्रदरने केली. आता एका कपातला चहा बशीत ओतून वाटून पितात, आणि माझ्याकडे बघून दात खातात. म्हणजे समेट कुणी घडवला? मीच! इन्चार्जबाईंना तसं सांगितलं. त्यांच्या नजरेत कौतुक असावं. डोळे सुजलेत, नीट दिसलं नाही. सहीचं विचारलं. म्हणाल्या, वीसला बघू. म्हणजे होणार.

२० जून
सकाळीच इन्चार्जबाई आल्या. हातात कागद, पेन. म्हटलं जिंकलो! त्या म्हणाल्या, कर सही. माझीच हवी होती. या पेशंटवर विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला हरकत नाही, असा कागद. केली.

टॉपरला माझाच हात आला. परीक्षकबाईंनी तिला पेशंटची माहिती विचारली. ती म्हणाली, तरुण पुरुष, शुद्धीवर आहे, समज कमी. मग चिकटलेली पट्टी एका झटक्यात ओढली. मी किंचाळलो. पैकीच्या पैकी.

संध्याकाळी ज्युनियर पोरी वॉर्ड बघायला आल्या. आता पुढची पोस्टिंग यांच्याबरोबर. ठरवलं : सीनियर म्हणून पहिल्याच दिवशी वचक बसवायचा. उशीला टेकून ताठ बसलो. चेहरा कडक केला.

एकीने वाकून विचारलं, काका, लघवीला झाली का?

झाली म्हटलं.