कवेलूंवरचा जोड

मामाजी, आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात, पण लग्नानंतरचे पहिले काही महिने एवढा एक शब्दसुद्धा मी तुमच्यासमोर उच्चारला नव्हता. तुम्ही मागावरून उठून ओसरीत आलात की मी पदर सावरून आत सरकायची. तुम्हीही मी समोर असताना सासूबाईंना सांगायचात, "सुनेले विचार, भाजीत मीठ काहून कमी हाय?" चिखल्याच्या खाण कॉलनीत वाढलेली मी, दिवसभर बडबडणारी. तुमच्या विणकरांच्या गल्लीत आले आणि मागांचा खटखटाट ऐकत गप्प बसायला शिकले. आज सकाळी टीव्ही बंद पडला, दुरुस्तीवाला संध्याकाळी येतो म्हणाला, आणि मी हे लिहायला बसले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ती रविवारची दुपार मला सांगायची आहे. ती तुम्हाला ठाऊकच आहे, तरीही.

गल्लीच्या टोकाच्या व्हिडिओवाल्यानं घरोघर तार टाकली होती आणि दर रविवारी दुपारी तो सिनेमा लावायचा. टीव्ही मोजक्याच घरी, त्यामुळे बाया आपल्या घरी जमायच्या. त्या दिवशी तुमचा मुलगा लुगडी घेऊन नागपूरला गेला होता. नायिकेच्या लग्नाचा मांडव सजला, आणि तेवढ्यात वानरांची टोळी छपराच्या कवेलूंवरून, म्हणजे कौलांवरून, धडधडत गेली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. तुम्ही प्लग हलवून पाहिला, बटणं फिरवली, टीव्हीच्या डोक्यावर दोन थापाही मारल्या. शेजारी विचारलं, तर त्यांच्याकडे स्वच्छ दिसत होतं. "म्हणजे तार आपल्याच छपरावर तुटली," असं म्हणून तुम्ही शिडी लावलीत.

आता तुम्ही वर, मी टीव्हीपाशी आणि दारात सासूबाई. तुम्ही वरून ओरडता, "आलं का वो?" चित्र आलेलं असतं. मी हळूच सासूबाईंना सांगते, "आलं." त्या बाहेर तोंड काढून म्हणतात, "अजी, सून म्हणते, आलं!" तोवर तुमचा हात सुटलेला असतो आणि चित्र गेलेलं. "गेलं," मी कुजबुजते. "गेलं म्हणते!" त्या ओरडतात, तर तोवर ते परत आलेलं. बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडतात. तुम्ही वर चिडता, "आलं का गेलं, एक काय ते सांगा ना!"

मला राहवलं नाही. मी तडक अंगणात आले आणि कॉलनीत मारायची तशी हाक मारली, "मामाजी, थांबा! तसंच धरून ठेवा जी!"

घरातलं हसू थांबलं. शेजारचा मागही थांबल्यासारखा वाटला मला. सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. आता माहेरी तक्रारीचा निरोप जाणार, असं वाटून मी पदर पुढे ओढला. तुम्ही वरून वाकून पाहिलंत. "आपल्या सुनेले आवाज हाय की!" तुम्ही म्हणालात. "तुले समजते का यातलं?"

"माहेरी शेजारी वायरमन राहत होते जी. पाहिलं हाय मी."

"मंग ये ना वर. मले बारीक दिसून नाही राहिलं."

पदर खोचून मी शिडी चढले. जोड पाहिला आणि हसू दाबता येईना. तुटलेल्या सुताला मागावर देता तशी घट्ट, देखणी गाठ तुम्ही दिली होती, आणि आतली तांब्याची तार नि वरची जाळी एकातच बांधली होती. "मामाजी, हे दोघं एकमेकांले लागले की चित्र जाते," मी म्हटलं. तुम्ही गाठीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि असे खदखदून हसलात की एक कवेलू निसटलं. मग तुम्ही तार धरलीत, मी ब्लेडनं सोलली. आतली आतलीला, जाळी जाळीला, आणि मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. खालून बायांचा कल्ला उठला, "आलं, आलं!"

तरी आपण लगेच उतरलो नाही. मी पहिल्यांदाच गाव वरून पाहत होते: दांड्यांवर वाळणारं लाल-पिवळं सूत, पलीकडे तलाव, त्याच्या पुढे हिरव्यागार धानाच्या बांध्या. "माहेरी इतकीच बोलत होती का?" तुम्ही विचारलंत.

"माहेरी मी गप्पच बसत नव्हती जी."

"मंग इथं कायले बसतं? तुह्या सासूनं अन् म्या बोलाचं ते सारं बोलून झालं. आता घरात नवीन काही ऐकू दे."

त्यानंतर गल्लीत कुणाचंही चित्र गेलं की तुम्ही माग सोडून मला हाक मारायचात. पुढे तुम्ही शिडी घेऊन, मागे मी ब्लेड आणि ट्यूबच्या पट्ट्या घेऊन. "सासरा-सून दोघंही बिघडले," सासूबाई म्हणायच्या आणि आपण परत येईपर्यंत चहा ठेवायच्या. भाजीत मीठ कमी असलं की तुम्ही मलाच सांगायला लागलात. मीही सांगायची, "वरून घ्या."

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. पण एक गोष्ट आहे, ती आजवर कुणालाच सांगितली नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात भंडाऱ्याच्या दवाखान्यात नर्सनं मला विचारलं होतं, "हे कोण होतात तुमचे?" मी "वडील" म्हणाले. सासरे म्हणायला हवं होतं, पण तोंडातून तेच निघालं. तुम्ही झोपला आहात असं मला वाटलं होतं. पण नर्स गेल्यावर तुम्ही डोळे न उघडताच हसलात. "ऐकलं का जी?" असं मी तेव्हा विचारलं नाही. ऐकलं असंच मी धरून चालले आहे.